दुसऱ्या पंगतीतले सूर्याजी

आमच्या जगदाळ्यांच्या घरात 'राव' जन्माने मिळत नाही. बाकी मराठी मुलखात पोरगं पाळण्यात असतानाच त्याला कौतुकाने राव म्हणतात, नवरदेवाला तर तो लग्नपत्रिकेवर आपोआप चिकटतो, हे मला पुण्याच्या एका मैत्रिणीकडून कळलं तेव्हा हसावं की रडावं ते समजेना. आमच्याकडे राव द्यावा लागतो. पूर्वज घोडदळातले. पोराचं नाव पलटणीत चढलं की त्या वर्षीच्या दसऱ्याला, शस्त्रपूजा आटोपल्यावर, त्याच्या डोक्यावर फेटा चढणार आणि घरातला सगळ्यात वडील राव त्याला पहिल्यांदा राव लावून हाक मारणार. त्यानंतर त्याच्या आईनेसुद्धा त्याला अरे-तुरे करायचं नाही. घोडदळ गेलं, संस्थान गेलं, तलवारीला आता वर्षातून एकदा खोबरेल लागतं, पण राव आहे तिथेच आहे. पलटणीच्या जागी पुढे सरकारी नोकरी आली, मग बँक आली, मग विमा कंपनीही चालायला लागली. चालले नाहीत ते फक्त माझे थोरले काका, सूर्याजी.

काका फौजेच्या भरतीला गेले होते. छाती भरली, उंची भरली, पण तळपाय सपाट निघाले म्हणून परत पाठवले गेले. माझ्या आजोबांनी, म्हणजे शिवाजीरावांनी, हे असं मनाला लावून घेतलं की जणू पोराने पाय मुद्दाम दाबून सपाट केले होते. काकांनी मग संध्याकाळच्या वर्गात फ्रेंच शिकायला घेतलं. का, तर तिथे पाय तपासत नव्हते. फ्रेंचनंतर इटालियन, इटालियननंतर स्पॅनिश. आग्र्याहून ओरछा-खजुराहोला निघालेले परदेशी लोक मध्ये अर्धा दिवस ग्वाल्हेरला उतरतात. त्यांना किल्ला दाखवायचं काम काकांनी धरलं आणि आयुष्यभर तेच केलं. त्या सपाट पायांनी ते किल्ला किती वेळा चढले असतील ते पायांनाच ठाऊक.

आजोबांच्या लेखी ही नोकरी नव्हतीच. "गोऱ्यांच्या मागेपुढे फिरून बक्षिसी घेणारा," एवढंच ते म्हणायचे. काकांनी एकदा, एकदाच, रावचा विषय काढला तेव्हा आजोबा म्हणाले, "तुझ्या नावात 'जी' आहे ना जन्मापासून? तेवढ्यावर भागव." ग्वाल्हेरच्या आमच्या दौलतगंजातले हिंदीवाले शेजारी काकांना "सूर्या जी, सूर्या जी" म्हणत. त्यांना वाटायचं, हे जी आपण आदराने लावतो आहोत. काका मला डोळा मारून म्हणायचे, "बघ गरिमा, परक्यांनी न मागता दिलं." समाजातल्या कुणा मराठी माणसाने सवयीने सूर्याजीराव म्हटलं, तर मात्र तेच घाईने सांगायचे, नुसतं सूर्याजी म्हणा. घरची रीत त्यांनी बाहेरही मोडली नाही. याला काही जण साधेपणा म्हणतात. मला त्याचा राग यायचा, आजही येतो.

धाकटे भाऊ, म्हणजे माझे बाबा, पोलिसात लागले आणि पहिल्याच दसऱ्याला मल्हारराव झाले. त्या दिवसापासून काकांनी त्यांना 'तू'चं 'तुम्ही' केलं. आणि त्या दिवशी बाबांच्या डोक्यावर फेटा कुणी बांधला? काकांनीच. कारण आमच्या घराण्यात राव ढीगभर असले तरी फेटा बांधता येणारा हात एकच होता. आजोबांचा हात थरथरायला लागला तसं ते काम काकांकडे आलं आणि त्यांच्याकडेच राहिलं. चुलत भाऊ, त्यांची पोरं, जो कोणी नोकरीला लागे त्याच्या डोक्यावर काका फेटा बांधत, तुरा नीट काढत, पदर पाठीवर सरळ सोडत आणि बाजूला होत. मग वडील राव हाक मारत. लोक टाळ्या वाजवत. काका पिना गोळा करून डबीत ठेवत.

नंतर जेवणं. पहिली पंगत रावांची. दुसरी बायकांची, पोरांची आणि काकांची. माझी आणि त्यांची खरी ओळख तिथलीच. भिंतीकडेची जागा त्यांची, शेजारची माझी. मी पुऱ्यांवर इटालियन आकडे शिकले, पुढे बोलणंही. थोडी मोठी झाले तेव्हा त्यांनी मला त्यांची लाडकी गंमत सांगितली, जी ते किल्ल्यावर प्रत्येक गटाला सांगायचे.

"इटलीत शब्दाला 'ओने' लावलं की वस्तू मोठी होते," ते म्हणाले. "पोर्ता म्हणजे दार. पोर्तोने म्हणजे आपल्या किल्ल्यावरच्या हत्ती पोळेसारखा दणदणीत दरवाजा. आता तेच शेपूट फ्रान्सात ने. तिथे ते 'ऑं' होतं आणि लहान करतं. शा म्हणजे मांजर, शातॉं म्हणजे मांजरीचं पिल्लू. उर्स अस्वल, उर्सॉं अस्वलाचं पोर."

"आणि स्पेनमध्ये?"

"स्पेनमध्ये 'ओन'. बहुतेक मोठंच करतं. पण कधी कधी होतं ते सगळं काढूनच घेतं. पेलो म्हणजे केस आणि पेलोन म्हणजे," असं म्हणून त्यांनी आपल्या टकलावर चापट मारली. सगळी पोरं खिदळली. "एकच आई, लॅटिन. तिघी मुली तीन घरी गेल्या आणि तिघींनी त्याचं तीन तऱ्हेचं केलं."

मी विचारलं, "आणि दौलतगंजात?"

"दौलतगंजात ते लागतच नाही," काका म्हणाले आणि वाढणाऱ्याकडे कढी मागितली.

उषाताई, माझी काकू, उज्जैनची. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात तिला नाव घ्यायला सांगितलं. तिने माहेरून पाठ करून आणलेला उखाणा ठसक्यात म्हटला आणि शेवटी, जसं जगातली प्रत्येक मराठी नवरी म्हणते तसं, सूर्याजीरावांचं नाव घेतलं. आजी म्हणाली, "ते राव झालेले नाहीत अजून. पुन्हा घे." अख्खी पंगत हसली. काकूने पुन्हा घेतलं, बिनरावाचं. त्यानंतर कुणाच्या लग्नात, कुणाच्या डोहाळजेवणात, हळदीकुंकवात तिला कितीही आग्रह झाला तरी तिने कधी नाव घेतलं नाही. 'हे' म्हणायची, बस. धाकटी जाऊ असूनही माझ्या आईला आधी वाटी मिळायची, आधी ओटी मिळायची. काकू कधी बोलली नाही. आईही बोलली नाही, तिला ते बरंच होतं.

मुलींचं तर विचारूच नका. मी बँकेत अधिकारी झाले तेव्हा बाबांनी पेढे वाटले, फेटा काढला नाही. मुलीला राव लागत नाही, मुलीला नवऱ्याचा राव लागतो, असं आमचं शास्त्र.

आजोबा गेले, मग चुलत आजोबा गेले, आणि वडील राव म्हणून हाक मारायचा मान बाबांकडे आला. मला वाटलं होतं, आता पहिल्याच दसऱ्याला काम होईल. सख्खा भाऊ. त्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारा. पण बाबा म्हणाले, "वडिलांनी जे केलं नाही ते मी कसं करू?" गुन्हेगाराला बोलतं करणारा माणूस हा, पण वडिलांच्या फोटोसमोर त्यांची बोबडी वळायची.

मग माझा धाकटा भाऊ अंशुल गुडगावला एका विमा कंपनीत लागला. त्याचा फेटा त्या दसऱ्याला ठरला. तेव्हा काकू आयुष्यात पहिल्यांदा खाली येऊन बाबांसमोर उभी राहिली. मी तिथेच होते.

"भाऊजी, एक बात बोलायची होती," ती म्हणाली. "ज्या पोराला ह्यांनी खांद्यावर बसवून मेळा दाखवला, त्याला हे आता फेटा बांधणार आणि अंशुलराव म्हणणार. आणि मग पोरांच्या लाइनीत जाऊन बसणार. मला ते बघवणार नाही. माझं आणखी काही मागणं नाही."

बाबांनी एकदा वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे वहिनी. या दसऱ्याला. आधी दादांचा, मग अंशुलचा. माझी जबान आहे."

काकू वर गेली ती जिना चढताना पदराने डोळे पुसतच. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः पाटणकर बाजारात जाऊन कापड आणलं. डाळिंबी रंगाचं, बारीक जरीच्या काठाचं. दुकानदार भगवा दाखवत होता, तिने तो परत केला. काकांना काय झालं होतं कोण जाणे, ते कापड त्यांनी आपल्या किल्ल्यावरच्या पिशवीत ठेवलं आणि रोज बरोबर नेऊ लागले. विचारलं तर म्हणाले, "नवं कापड आहे, जरा हाताखाली मऊ पडू दे." अडुसष्ट वर्षांचा माणूस. मला त्यांचं हसू आलं नाही.

दसरा चार दिवसांवर असताना इटलीचा एक गट आला. त्यात ब्रूनो नावाचा एक सुतार होता, त्याचा त्या दिवशी सत्तरावा वाढदिवस. किल्ल्यावरच्या मान मंदिर महालाच्या सावलीत काका पाण्याची बाटली काढायला गेले तर पिशवीतून कापडाचं टोक बाहेर आलं. हे काय, म्हणून त्याने विचारलं. काकांनी सांगितलं, आणि नुसतं सांगून भागलं नाही म्हणून बांधूनच दाखवलं. ब्रूनोच्या पिकल्या डोक्यावर तो फेटा असा काही शोभला की सगळा गट उठून उभा राहिला. हा बांधला की आमच्याकडे नावाला राव लावतात, काका म्हणाले, आणि मोठ्याने हाक मारली, "ब्रूनोराव!" गटाने ती उचलून धरली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने फेटा अलगद काढून काकांच्या डोक्यावर ठेवला आणि ते सगळे ओरडले, "सूर्याजोने!" म्हणजे काकांची गंमत त्यांना नीट कळली होती.

हे मला कसं माहीत? गटातल्या एका बाईने सगळं मोबाइलवर टिपलं होतं. तिने ते टाकलं, ग्वाल्हेरच्या कुठल्याशा पेजने उचललं, वर हिंदीत लिहिलं 'गाइड ने विदेशी को बनाया मराठा सरदार', आणि संध्याकाळपर्यंत ते 'जगदाळे परिवार' ग्रुपवर येऊन पडलं. इंदूरच्या चुलत काकांनी लिहिलं, आता आपल्या घराण्यातला राव किल्ल्यावर फुकट मिळतो का? खाली हसणारे चेहरे. बाबांनी ते वाचलं आणि काकांना खाली बोलावलं.

"दादा, हे काय करून ठेवलं तुम्ही?" बाबांचा आवाज ठाण्यातला झाला होता. "पूर्ण खानदान हसून राहिलं आहे. आपल्या घरात माणसाचं आयुष्य जातं रावसाठी, आणि तुम्ही तो एका टूरिस्टला देऊन आले?"

"मल्हारराव, त्याचा वाढदिवस होता. म्हातारा खूश झाला," काका म्हणाले. "आपला कमी झाला का काही?"

"प्रश्न तो नाही. तुम्हाला द्यायचा हक कोणी दिला? तुम्ही स्वतः तरी राव आहात का?"

अंशुल सोफ्यावरून म्हणाला, "अरे बाबा, छोड़ो ना यार. वायरल हो गया तो क्या हुआ." पण तेवढंच म्हणून पुन्हा मोबाइलमध्ये शिरला. त्याचा राव पक्का होता.

त्या व्हिडिओत काका इटालियनमध्ये काय बोलत होते ते त्या खोलीत त्यांच्याशिवाय मला एकटीलाच कळत होतं. ब्रूनो फेटा काकांच्या डोक्यावर ठेवतो तेव्हा विचारतो, म्हणजे तुम्ही सूर्याजीराव का? आणि काका हात हलवून सांगतात, नाही, अजून नाही. मला वाटलं, हे सांगितलं की बाबा विरघळतील. मी म्हणाले, "बाबा, ऐका तर. ते स्वतःला राव म्हणवून घेत नाहीत. ते म्हणतात, अजून नाही, चार दिवसांनी दसऱ्याला माझा धाकटा भाऊ देणार आहे. किती आनंदाने सांगतात बघा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "मतलब," ते म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं दिला नाही, हेही सगळ्या दुनियेला सांगून आले."

बाबा म्हणाले, "या दसऱ्याला नाही जमणार आता. लोक म्हणतील, व्हिडिओमुळे दिला. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी! जणू राव म्हणजे गहू, कोठीत ठेवला तर टिकेल.

दसऱ्याला मला वाटलं काका खाली येणार नाहीत. ते आले. दाढी करून, स्वच्छ सदरा घालून. पूजा झाली. अंशुल पाटावर बसला आणि तेव्हा लक्षात आलं की त्याच्यासाठी कापडच कुणी आणलेलं नाही. काकू आणणार असं आईला वाटलं होतं, आई आणणार असं बाबांना. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काका उठले, वर गेले आणि ते डाळिंबी कापड घेऊन खाली आले. कुणी एका शब्दाने म्हणालं नाही की नको. मीही म्हणाले नाही. त्यांनी अंशुलच्या डोक्यावर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सुरेख फेटा बांधला. बाबांनी हाक मारली. टाळ्या झाल्या. मग काका पुतण्याला म्हणाले, "चला अंशुलराव, तुम्ही बसून घ्या, पान वाढलं आहे." आणि स्वतः दुसऱ्या पंगतीची वाट बघत खांबापाशी उभे राहिले. अंशुल बसला. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

काकू त्या दिवशी जेवली नाही. फेट्याचं कापड अंशुल गुडगावला घेऊन गेला.

पुढच्या वर्षाचा प्रश्नच आला नाही. जानेवारीत ग्वाल्हेरची थंडी कशी असते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. धुक्यात उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत काका गटासाठी स्टेशनवर थांबले, छातीत कफ धरला, आणि आठवड्याभरात गेले.

तेराव्याला माणसं पुष्कळ आली. किल्ल्यावरचे गाइड, टॅक्सीवाले, समाजातली सगळी घरं. समाजाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि सूर्याजीराव असे होते, सूर्याजीराव तसे होते म्हणाले. त्यांना आमची रीत काय माहीत. ते बसले आणि बाबा उठले. सगळे बाबांकडे बघत होते. बाहेरच्याने दिलेला राव घरच्याने काढून घेतला, असं कसं दिसेल? बाबांनी घसा साफ केला.

"आमचे थोरले बंधू सूर्याजीराव..."

"भाऊजी, थांबा."

बायकांच्या बाजूने आवाज आला. काकू भिंतीला टेकून बसली होती, ती उठली. "ह्यांचं नाव सूर्याजी होतं," ती म्हणाली. लग्नाच्या त्या जेवणानंतर तिने ते नाव पहिल्यांदाच घेतलं. "तेवढंच घ्या."

बाबा हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, लोक बसले आहेत."

"दसऱ्यालाही बसले होते," काकू म्हणाली.

बाबांनी एकदा अध्यक्षांकडे पाहिलं. मग खाली बघत ते म्हणाले, "आमचे थोरले बंधू, सूर्याजी," आणि तेवढ्यावरच थांबले. ते बसले.

नंतर पानं मांडली. तेराव्याला गेलेल्या माणसाचं पान सगळ्यांच्या आधी वाढतात. आईने ते पहिल्या पंगतीत, मधोमध, बाबांच्या उजव्या हाताला मांडलं होतं. खीर, वडे, कढी, सगळं वाढून झालं तशी काकू पुढे आली, वाकली, दोन्ही हातांनी ते पान उचललं आणि भिंतीकडेच्या काकांच्या जागेवर नेऊन ठेवलं. दुसरी पंगत अजून बसायची होती. मी जाऊन त्या पानाशेजारी बसले.